पॉल माउझर : नळ्या बदलल्या, यंत्रणा टिकली

नेकर नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या जर्मन गावी २७ जून १८३८ रोजी पॉल माउझर यांचा जन्म झाला. वडील व्युर्टेम्बर्गच्या राजाच्या शस्त्रकारखान्यात कारागीर होते. पॉल आणि थोरले बंधू विल्हेल्म यांनी तेथेच हाताला वळण लावले. १८७१ मध्ये त्यांची एकबारी बोल्ट रायफल जर्मन सैन्याने स्वीकारली आणि १८७४ मध्ये दोघा भावांनी तोच कारखाना विकत घेतला.

१८८२ मध्ये विल्हेल्म निवर्तले. पॉल यांचे संशोधन मात्र थांबले नाही. १८९८ च्या त्यांच्या रायफलीत बोल्टच्या पुढील टोकाला दोन आणि मागे सुरक्षेसाठी तिसरा कंगोरा होता. काडतूस फुटलेच, तर तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे न येता बाजूने निघावा अशी छिद्रेही होती. दैव असे की, १९०१ मध्ये एका स्वयंचलित रायफलीच्या चाचणीत खुद्द माउझर यांनाच एक डोळा गमवावा लागला. २९ मे १९१४ रोजी, महायुद्धापूर्वी काही आठवडे, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या रायफलीचे आयुष्य मात्र पुढेही वाढत राहिले. तिची नळी पोलादी सांगाड्यात आट्यांनी बसवलेली असे. ती उतरवून दुसऱ्या मापाची चढवता येई. १८९८ च्या रायफलीतील ७.९२ मिलिमीटर काडतुसाच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर होता. अमेरिकन .३०-०६ आणि नंतरच्या ७.६२ नाटो काडतुसांचाही जवळपास तेवढाच असल्याने बोल्ट तोच चाले. काम मात्र जोखमीचे. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांत केसभर अंतर जास्त राहिले, तरी कवच फाटण्याचा धोका असे.

गोव्यावर तेव्हा सत्ता असलेल्या पोर्तुगालनेही माउझर यंत्रणेवर आधारलेल्या आपल्या १९०४ च्या ६.५ मिलिमीटर रायफली १९३९ च्या सुमारास ७.९२ साठी बदलून घेतल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेने जर्मनांनी मागे टाकलेल्या रायफलींना .३०-०६ च्या नळ्या बसवल्या. इस्रायलने तर नाझी सैन्यासाठी घडलेल्या रायफली ७.६२ मापात आणून ज्यू सैनिकांच्या हाती दिल्या. घडवणाऱ्याच्या मृत्यूनंतर शस्त्र कोणाच्या हाती जाईल, हे माउझर यांना ठरवता येणार नव्हते. ते टिकेल एवढे मात्र त्यांनी पाहिले होते.