ठिणगीशिवाय चालणारं इंजिन थंडीत का गारठतं? गोष्ट रुडॉल्फ डिझेलची

कॅनडातल्या विनिपेग किंवा एडमंटनमध्ये हिवाळ्यात एक गंमत दिसते. पार्क केलेल्या ट्रकच्या पुढच्या जाळीतून एक वायर बाहेर आलेली असते आणि ती थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचलेली असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ट्रक इलेक्ट्रिक आहे आणि चार्जिंग सुरू आहे. पण ट्रक असतो पक्का डिझेलवाला.

त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो ब्लॉक हीटर. उणे ३० डिग्रीत रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सकाळी चालू व्हावं म्हणून ही सगळी सोय. आता डिझेल इंजिनालाच थंडी एवढी का बाधते, हे समजून घ्यायचं असेल तर ज्या माणसाच्या नावावरून त्या तेलाला डिझेल म्हणतात, त्याची गोष्ट माहिती पाहिजे.

बर्फाच्या कारखान्यातून सुरुवात

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाल सुरू झाले, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं.

पोरगं हुशार निघालं. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकताना त्याला प्राध्यापक मिळाले कार्ल फॉन लिंडे. हे आधुनिक रेफ्रिजरेशनमधलं मोठं नाव. त्यांच्याच वर्गात रुडॉल्फला कळलं की वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता वाया जाते. ही गोष्ट त्याच्या डोक्यात घट्ट बसली.

१८८० मध्ये तो इंजिनिअर झाला आणि पहिली नोकरी लागली ती लिंडे यांच्याच पॅरिसमधल्या कामावर, बर्फ बनवणारी यंत्रं उभारायची. म्हणजे ज्याच्या इंजिनाला पुढे थंडीने छळलं, त्या माणसाने करिअरची सुरुवात थंडी तयार करण्यापासून केली होती.

आयडिया साधी, काम जीवघेणं

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की ती तापते. डिझेलने हाच नियम टोकाला नेला. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, मग त्यात इंधन सोडायचं. ते आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या मशीन कारखान्याने आणि क्रुप कंपनीने पैसा लावला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं खरं, पण असा भडका उडाला की दाब मोजायचं यंत्रच फुटलं. डिझेल थोडक्यात वाचला.

पुढच्या फेब्रुवारीत इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं, जेमतेम १ मिनिट. त्यानंतर आणखी ३ वर्षं खटपट चालली. १८९७ च्या अधिकृत चाचणीत त्या इंजिनाने इंधनातल्या २६.२ टक्के उष्णतेचं काम करून दाखवलं. वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढचा हा आकडा होता.

डिझेलचं स्वप्न मात्र वेगळं होतं. वाफेची अवजड यंत्रं फक्त मोठ्या कारखानदारांना परवडायची. छोट्या कारागिराला त्याच्या वर्कशॉपमध्ये ठेवता येईल असं स्वस्त इंजिन मिळावं, असं त्याला वाटायचं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आलं.

पैसा आला आणि गेलाही

पेटंटचे हक्क विकून डिझेल श्रीमंत झाला. म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला. पण पेटंटची भांडणं, फसलेले जमिनीचे व्यवहार आणि बिघडलेली तब्येत यांनी त्याला आतून पोखरलं. १९१३ पर्यंत तो कर्जात बुडाला होता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या अँटवर्पहून तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री जेवण झालं, सकाळी लवकर उठवायला सांगून तो केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती. डेकवर त्याची टोपी आणि नीट घडी केलेला ओव्हरकोट तेवढा सापडला.

साधारण १० दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. त्या वस्तू आपल्या वडिलांच्याच असल्याचं मुलाने ओळखलं. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद चालतात. कर्जाचा डोंगर पाहता बरेच जण आत्महत्येकडे बोट दाखवतात.

आपलं इंजिन ट्रकमध्ये सर्रास बसलेलं त्याला बघायला मिळालं नाही. त्याच्या इंजिनात इंधन आत फुंकायला वेगळा मोठा कॉम्प्रेसर लागायचा, तो ट्रकवर कुठे बसवणार? कॉम्प्रेसर नसलेली डिझेल इंजिनं लावलेले ट्रक जर्मनीत आले ते १९२३-२४ च्या सुमारास.

मग थंडीत अडतं कुठे?

या इंजिनाचा सगळा खेळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. पण उणे ३० डिग्रीत आत येणारी हवा मुळातच गोठवणारी असते. त्यात शेकडो किलोचं लोखंड गारठलेलं. हवा दाबून जी उष्णता तयार होते, ती हे लोखंड लगेच शोषून घेतं. ऑइल घट्ट होतं, बॅटरी मलूल पडते, स्टार्टर हळू फिरतो. जितकं हळू फिरणार, तितकी जास्त उष्णता निसटणार. शेवटी हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही.

ब्लॉक हीटर इथेच कामाला येतो. तो म्हणजे पाणी तापवायच्या रॉडचा भाऊच. इंजिन ब्लॉकमध्ये जिथे कूलंट फिरतं तिथे तो बसवतात. साधारण ४०० ते १५०० वॅटचा असतो. तापलेलं कूलंट वर सरकतं, गार खाली येतं आणि सगळा ब्लॉक उबदार होतो. त्यासाठी रात्रभर वीज जाळायची गरज नसते. निघायच्या ३-४ तास आधी सुरू होईल असा टायमर लावला की बहुतेकदा भागतं. मात्र कूलंट पुरेसं हवं आणि वायर कुठे सोललेली नको, नाहीतर आगीचा धोका.

अजून एक गोष्ट. हीटर इंजिन गरम करतो, टाकीतलं डिझेल नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. त्यावर उपाय म्हणजे हिवाळी डिझेल. आपल्याकडे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी असं डिझेल आणलं, जे उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहतं राहतं.

महाराष्ट्रात हीटरची वेळ येत नाही. पण विहिरीवरचं ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय, त्यांना हे गणित हाताने माहिती आहे. आधी लिव्हर उचलून दाब सोडायचा, चाक जोरात फिरवायचं आणि वेग आला की लिव्हर पाडायचा. वेग कमी पडला तर इंजिन नुसतं धापा टाकतं. छोट्या माणसाच्या हातात इंजिन यावं, हे रुडॉल्फ डिझेलचं स्वप्न अशाच विहिरींवर खरं झालं.