रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमनाचा विचार आणि मराठी गद्य

वैचारिक गद्याचा अभ्यास करताना लेखकाने समाजाला काय सांगितले याबरोबरच ते सांगण्यासाठी त्याने भाषा कशी वापरली, हेही पाहावे लागते. या दृष्टीने र. धों. कर्वे यांचे चरित्र महत्त्वाचे आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. पुढील कार्याचे मूळ या एकाच घटनेत शोधणे घाईचे ठरेल; परंतु प्रसूती म्हणजे स्त्रीचा जीव पणाला लागणे, हे त्यांनी घरातच पाहिले होते, एवढे निश्चित.

ते गणिताचे प्राध्यापक झाले. उच्च शिक्षणासाठी १९१९ मध्ये पॅरिसला गेले. परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र याच वर्षी निघाले, हे लक्षात घेतल्यास रघुनाथराव काळाच्या किती बरोबरीने चालत होते ते कळते. या मतांची किंमत त्यांना मोजावी लागली. विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र अखेरपर्यंत पाठीशी राहिल्या. आपल्याला अपत्य नको, हा निर्णय उभयतांनी विचारपूर्वक घेतला होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत चालवले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही दंड झाला. दंड भरून रघुनाथराव पुन्हा लिहू लागले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला होता.

आता भाषेकडे वळू. आपण सहज म्हणतो, ‘तिला दिवस गेले.’ या वाक्यात कर्ता ‘दिवस’ आहे. स्त्री ‘तिला’ या रूपात केवळ भोगणारी आहे. गर्भधारणा घडते, ती कोणी ठरवत नाही, असा समज या रचनेतच दडलेला आहे. याउलट ‘संततिनियमन’ या शब्दात नियमन करणारी व्यक्ती गृहीत धरलेली असते. एकीकडे आडपडद्याचे शब्द आणि दुसरीकडे शिव्या, यांच्यामध्ये शरीराविषयी निर्विकारपणे बोलणारे मराठी गद्य रघुनाथरावांनी चिकाटीने लिहिले. त्यांची वाक्ये सरळ, युक्तिवाद गणिताच्या सिद्धतेसारखा पायरीपायरीने जाणारा आहे.

या कार्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मासिक वाचण्यासाठी अक्षरओळख हवी. त्या काळी खेड्यातील बहुसंख्य स्त्रियांना ती नव्हती. परळी वैजनाथ परिसर तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आजही येथून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांत एखादी गरोदर स्त्री असतेच. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही आणि गावची आशाताई व उपकेंद्र मागे राहते. नको असलेले गरोदरपण, पाठोपाठची बाळंतपणे आणि रक्तक्षय यांविषयी ती कोणाशी व कोणत्या शब्दांत बोलणार? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला, तेव्हाही या मौनाची खोली दिसली. साधने आज सरकारी दवाखान्यात मिळतात. परंतु ती मागण्यासाठी लागणारी निःसंकोच भाषा अद्याप घरोघर पोचलेली नाही. रघुनाथरावांचे काम तेथे अपुरे राहिले आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या बोलीत गरोदरपण व बाळंतपण यांसाठी वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग नोंदवा. त्यांपैकी किती वाक्यांत स्त्री कर्ता आहे, ते तपासा.