कोशकार आपटे : शाळेच्या अधीक्षकपदापासून 'फर्ग्युसन'च्या प्राचार्यपदापर्यंत

संस्कृतचा विद्यार्थी असो वा अध्यापक, 'आपट्यांचा कोश' त्याच्या हाताशी असतोच. या कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे यांची दुसरी ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे. पुण्यातील एका खासगी शाळेचे ते अधीक्षक होते आणि त्याच शाळेतील सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. शाळेत शिकवणाऱ्यांना विद्यापीठाच्या परीक्षांचे वर्ग पेलतील काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच्या कामातून द्यावे लागले.

आपटे यांचा जन्म १८५८ मध्ये सावंतवाडी संस्थानात झाला. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण कोल्हापुरात सुरू झाले आणि तेथे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी या मुलाची बुद्धी हेरली. संस्कृतमधील प्रावीण्यासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून आपटे मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांच्या हाताखाली त्यांचा संस्कृतचा अभ्यास पक्का झाला. १८७९ मध्ये ते एम.ए. झाले. त्या काळी अशा पदवीधरासाठी सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. आपटे यांनी वेगळी वाट धरली.

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. थोड्याच अवधीत आपटे तेथे दाखल झाले, त्यांच्यामागोमाग गोपाळ गणेश आगरकरही आले. अधीक्षक या नात्याने शाळेचा दैनंदिन कारभार आपटे यांच्याकडे होता, शिवाय संस्कृतचे अध्यापनही. ज्या शंकरशेट शिष्यवृत्तीने त्यांना पुढे आणले, तीच आता त्यांचे विद्यार्थी मिळवू लागले. वाक्यरचनेचे नियम उदाहरणांसह आणि स्वाध्यायांसह समजावून देणारे त्यांचे 'स्टुडंट्स गाइड टू संस्कृत कॉम्पोझिशन' हे पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गात मुले कोठे अडखळतात, हे रोज पाहणाऱ्या शिक्षकाचाच हात त्यात दिसतो. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे शाळेच्या वतीने साक्ष देण्याचे कामही त्यांनीच केले.

शाळा स्थिरावताच पुढचे पाऊल पडले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेजचे उद्घाटन झाले. प्राचार्यपद आपटे यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. अध्यापकवर्ग बहुतांशी शाळेतूनच आला. आपटे यांच्याकडे संस्कृत, टिळकांकडे गणित, आगरकरांकडे इतिहास व तर्कशास्त्र, वासुदेवराव केळकरांकडे इंग्रजी आणि महादेव शिवराम गोळे यांच्याकडे भौतिक शास्त्रे, अशी विभागणी झाली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये साहाय्यक शिक्षक म्हणून आले आणि यथावकाश तेही महाविद्यालयात शिकवू लागले.

हे धाडस होते, कारण कसोटी आपल्या हाती नव्हती. तेव्हाचे मुंबई विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे, तर परीक्षा घेण्याचे आणि पदवी देण्याचे काम विद्यापीठाचे. डेक्कन किंवा एल्फिन्स्टनसारख्या सरकारी महाविद्यालयांत युरोपीय प्राध्यापक मोठ्या वेतनावर शिकवीत. फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्याच विद्यार्थ्यांबरोबर तीच प्रश्नपत्रिका सोडवावी लागे. शिकवण्यात काही उणीव राहिली असती, तर निकालपत्रात ती साऱ्या इलाख्याला दिसली असती. प्रारंभी केवळ 'प्रीव्हियस'चा, म्हणजे पहिल्या वर्षाचा वर्ग चालवून मग एकेक पायरी चढत पदवीपर्यंत जाण्याचा मार्ग संस्थेने पत्करला.

शाळामास्तराचा प्राध्यापक झाला म्हणून मिळकत वाढली, असेही घडले नाही. सोसायटीच्या आजीव सदस्यांचे वेतन पुढे महिना ७५ रुपये ठरले आणि त्यावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन होते. त्याग किती करावा आणि संस्थेबाहेरची कामे करावीत की नाही, यावरून सदस्यांत तीव्र मतभेद झाले. त्यांची परिणती १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाली. ज्यांच्या बळावर महाविद्यालय उभे राहिले, त्यांच्यातच अशी फूट पडली, तरी प्राचार्य आपटे यांना वर्ग चालू ठेवणे भाग होते.

याच धामधुमीत त्यांचे कोशकार्य चालू होते. इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ मध्ये आला आणि संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये. मोनियर विल्यम्स यांचा मोठा कोश तेव्हा उपलब्ध होता. आपटे यांनी मात्र विद्यापीठीय विद्यार्थ्याची गरज डोळ्यांपुढे ठेवली. वैदिक शब्दांपेक्षा काव्य, नाटक आणि शास्त्रग्रंथांतील शब्दांवर त्यांनी भर दिला, अर्थांना ग्रंथांतील दाखले जोडले आणि वृत्ते, ग्रंथकारांचा काळ व प्राचीन स्थलनामे यांवर परिशिष्टे दिली. शाळेत मिळालेला अनुभव येथे कोशरचनेचे तत्त्व बनला.

९ ऑगस्ट १८९२ रोजी वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी आपटे यांचे निधन झाले. प्राचार्यपद आगरकरांकडे गेले आणि १८९५ मध्ये त्यांनाही त्या पदावर असतानाच अकाली मृत्यू आला. त्यानंतर गोळे प्राचार्य झाले. शाळेतून आलेल्या अध्यापकांची ही परंपरा महाविद्यालयाने अशी सलग तीन प्राचार्यांपर्यंत चालवली. आपट्यांच्या कोशाची परशुराम कृष्ण गोडे आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेली वाढवलेली आवृत्ती १९५७ पासून तीन खंडांत पुण्यातूनच निघाली. आता तो इंटरनेटवरही पाहता येतो, आणि पहिल्या वर्षाच्या संस्कृत विद्यार्थ्याला अडलेला शब्द त्यात आजही सापडतो.