उघड्या दाराआडची प्रार्थना

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कन्या मनोरमाचाही बाप्तिस्मा झाला. ती अवघी अडीच वर्षांची होती. पिता बिपिनबिहारी मेधावी ती वर्षाची होण्याआधीच निवर्तले होते. तेथील मठातील ख्रिस्ती भगिनींनी मायलेकींना आश्रय दिला; परंतु बालिकेला धर्म काय व कसा शिकवावा, यावरून रमाबाई आणि त्यांच्या 'आजीबाई', म्हणजे सिस्टर जेराल्डीन, यांच्यात पत्रांतून तीव्र वाद झाला. त्रैक्यासारखी गूढ तत्त्वे रमाबाईंना स्वतःलाच पटत नव्हती. ती लेकीच्या मुखी त्या कशी घालू देणार? धर्म बदलला तरी आईचा अधिकार त्यांनी सोडला नव्हता.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले. सदनात धर्मप्रसार करावयाचा नाही, असे ठरले होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवीत. घरच्या उपासनेत लपविण्याजोगे काय आहे, ही त्यांची भूमिका. हळूहळू काही हिंदू मुलीही तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. पालकांची धास्ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. लेकीविषयी हीच धास्ती रमाबाईंना वाँटेजला वाटली होती! १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली काढून घेण्यात आल्या. दार मात्र बंद झाले नाही.

मनोरमा पुढे आईच्याच कार्यात राहिली. १९२१ मध्ये ती वारली; ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.