डॉ. खानोलकर आणि निदानाची मर्यादा

कर्करोग हा दैवाचा कोप नसून त्याचे धागेदोरे पुष्कळदा माणसाच्या राहणीत सापडतात, हे भारतीय वैद्यकाला ज्यांनी पुराव्यानिशी पटवून दिले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९५ साली क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी संपादन केली आणि मुंबईस परतून अध्यापनास वाहून घेतले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून ते थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या समाजातला, काय चघळतो, कोणत्या चालीरीती पाळतो, हेही ते विचारीत. तंबाखू-सुपारी आणि मुखाचा कर्करोग यांचे नाते त्यांनी दाखविले. मुंबईतील हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, तर पारशी स्त्रियांत स्तनाचा अधिक, हेही त्यांनी निदर्शनास आणले. शहर एकच, हवापाणी एकच. तरी रोग निराळा. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते पहिले संचालक. पद्मभूषण, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पुढे राष्ट्रीय प्राध्यापकपद असे सन्मान त्यांना लाभले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

टाटा रुग्णालय सुरू झाले त्याच १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये पापानिकोलाऊ व ट्राउट यांनी पेशीपरीक्षणाची आपली पद्धत प्रसिद्ध केली. प्रारंभी योनिमार्गातील स्राव तपासून गर्भाशयाच्या मुखाचा आणि अंतःस्तराचा, अशा दोन्ही कर्करोगांचा माग काढला जाई. १९४७ च्या सुमारास एअर यांच्या लाकडी पट्टीने गर्भाशयमुखावरूनच पेशी खरवडून घेणे रूढ झाले. मुखाच्या रोगाचे निदान त्यामुळे सुधारले. अंतःस्तराच्या पेशी मात्र आपोआप खाली उतरल्या तरच हाती लागू लागल्या.

ही मर्यादा आज विशेष ध्यानात घेतली पाहिजे. राहणीबरोबर रोग बदलतो, हा खानोलकरांचा धडा खरा ठरत आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत अजूनही फार मोठा आहे, म्हणून पॅप चाचणीचे महत्त्व कमी होत नाही. परंतु शहरांत त्याचे प्रमाण घटत आहे आणि अंतःस्तराच्या कर्करोगाचे वाढत आहे. लठ्ठपणा व मधुमेह हे या दुसऱ्या रोगाचे सोबती होत.

पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेली एखादी शिक्षिका पॅपचा निर्दोष अहवाल पाहून निर्धास्त झाली, तर तो अहवालच तिचा घात करील. अशा वेळी सोनोग्राफी आणि अंतःस्तराचा तुकडा काढून केलेली तपासणी यांवाचून निर्णय देता येत नाही. उलटपक्षी, रजोनिवृत्तीनंतरच्या पॅप अहवालात अंतःस्तराच्या पेशींचा किंवा संशयास्पद ग्रंथिपेशींचा उल्लेख आला, तर तो इशाराच समजला पाहिजे.

नागपुरात १९८० साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खानोलकरांनी घालून दिलेल्या वाटेवरचेच ते पाऊल होते. परंतु सदरमधील एखाद्या घरात संकोचापायी दडविलेला रक्तस्राव कोणत्याच नोंदवहीत वेळेवर उतरत नाही. तो संकोच मोडणे हे काम डॉक्टरांचे नव्हे, घरातल्यांचे आहे.