एका तारेचे ऋण

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मी वहीत छोट्या मॉड्युलर सिंथेसायझरची आखणी करत होतो. संथ, तरंगत्या संगीतासाठी तीन ऑसिलेटर, एक फिल्टर. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शिकवण्यांतून साठवलेले पैसे एका ऑसिलेटरला आणि फिल्टरलाच जेमतेम पुरणार. मन खट्टू झाले. अशा वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र हाती आले.

१८७२ साली उत्तरेतील किराणा गावी जन्मलेले खाँसाहेब बडोद्याचा दरबार सोडून महाराष्ट्रात आले आणि मिरजेचे झाले. सूर हेच त्यांचे दैवत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना श्रुतींच्या शोधात त्यांनी आपल्या गळ्याचे साहाय्य दिले. सवाई गंधर्वांसारखे शिष्य घडवले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांची प्रकृती बिघडली. वाटेतल्या स्थानकावर उतरून त्यांनी तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारीत प्रार्थना गात देह ठेवला, असे सांगतात. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत.

अखेरच्या क्षणी सोबतीला काय होते? चार तारा. त्यांतली खर्जाची एकच तार नीट जुळली, की तिच्यातून गांधार आपोआप उमटतो. ऑसिलेटरच्या करवती लहरीतही तेच स्वर दडलेले असतात. फिल्टर हळूहळू उघडला की ते एकेक करून बाहेर येतात.

वहीतले दोन ऑसिलेटर मी खोडले. एक षड्ज आधी नीट लावता आला, तरी या वर्षाला पुष्कळ झाले.