पक्षी उडून जायचे म्हणून एका पाद्र्यानं बंदूकच बदलून टाकली

रविवारी चर्चमध्ये प्रवचन द्यायचं आणि उरलेल्या वेळात पाणबदकांच्या मागे फिरायचं. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ याचा हा दिनक्रम. 1791 मध्ये वडिलांच्या जागी तो पाद्री झाला. त्याला रसायनशास्त्राची आणि यंत्रांचीही भारी आवड.

पण शिकारीत एक वांधा व्हायचा. नेम बरोबर, तरी बार उडायच्या आधीच पक्षी भुर्रर्र.

दोष चकमकीच्या बंदुकीचा होता. तेव्हा दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी बाहेरच्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडायची आणि तिचा जाळ बारीक भोकातून आत जायचा. बाहेर आधी भडका, मग बार. मधल्या क्षणात पक्षी सावध. त्यात पावसाळी हवा असेल किंवा भोक काजळीनं बुजलेलं असेल, तर बार फुसका.

वाटी झाकून बघितली, पण जमेना. मग फोर्सिथनं ठिणगीचाच नाद सोडला. ठोका बसला की स्फोट होणारी रसायनं तेव्हा माहीत झाली होती. काहींनी ती थेट बंदुकीच्या दारूऐवजी वापरून पाहिली, पण ती इतकी जोरकस की बंदुकीलाच धोका. फोर्सिथनं डोकं लावलं. गोळी ढकलायला जुनीच दारू आणि तिला पेटवायला या रसायनाची चिमूट. ही पूड ठेवायला त्यानं केलेली डबी दिसायला अगदी अत्तराच्या कुपीसारखी. वरून घोडा आपटला की जाळ थेट आत.

लष्कराच्या शस्त्रखात्याचे प्रमुख लॉर्ड मोइरा यांना हे आवडलं. 1806 मध्ये त्यांनी फोर्सिथला टॉवर ऑफ लंडनमध्ये प्रयोगांसाठी जागा दिली. पण पुढच्याच वर्षी खुर्चीवर लॉर्ड चॅटम आले आणि त्यांनी पाद्र्याला गाशा गुंडाळायला लावला.

फोर्सिथ खचला नाही. 1807 मध्येच त्यानं पेटंट घेतलं आणि पुढे लंडनमध्ये दुकान काढलं. नेपोलियननं या शोधासाठी 20,000 पौंड देऊ केले होते आणि त्यानं नकार दिला, असंही सांगतात. नक्कल करणाऱ्यांना त्यानं कोर्टात खेचलं. पण 1821 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रान मोकळं झालं. तोवर त्याच तत्त्वावर तांब्याची छोटी टोपीही आली होती. ती मीच शोधली म्हणणारे तर ढिगानं निघाले.

लष्कराला जाग आली 1834 मध्ये. वुलिच इथं दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून 6,000-6,000 बार काढले. चकमकीचे 922 बार फुसके निघाले. ठोक्यावर पेटणाऱ्या बंदुकांचे फक्त 36.

ज्या कल्पनेला हाकलून लावलं, तीच हळूहळू सगळ्या फौजेत आली. 1857 च्या उठावात जिच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती एनफिल्ड रायफलसुद्धा ठासणीचीच आणि टोपीवर पेटणारी होती.

फोर्सिथ मात्र गावच्या चर्चमध्येच राहिला. सरकारनं पैशांच्या रूपानं दखल घेतली तीही अगदी शेवटी आणि तुटपुंजी. 11 जून 1843 रोजी तो गेला. ज्या टॉवरमधून त्याला बाहेर काढलं, तिथंच पुढे त्याच्या नावाचा फलक लागला.

आज काडतुसाच्या तळाशी असलेली टिकली ठोक्यानं पेटते, ती याच तत्त्वावर. आधुनिक ठासणीची रायफलही तशीच पेटते. आणि तिचा बार फुसका निघाला तर दारू ओली आहे का आणि जाळाची वाट काजळीनं बुजली आहे का, हे आजही तपासावंच लागतं. त्या वाटेची साफसफाई काही पाद्रीबुवांच्या शोधानंही चुकलेली नाही.